कड्यावरची हजेरी

साशंक : पावसाळी निसर्गाच्या छायाचित्रांचे प्रदर्शन पाहताना दर वेळी माझ्या मनात एकच शंका उभी राहते, ती आज तुमच्यापुढे मांडतो. काळ्या मेघांच्या भिंतीखालून उन्हाची एक तिरीप निसटावी, ती नेमकी एखाद्या बुरुजावर पडावी आणि त्याच क्षणी कोणीतरी कळ दाबावी, याला आम्ही प्रेक्षक कला म्हणतो. आणि छायाचित्रकार तीन दिवस भिजत उभा होता असे खाली लिहिलेले वाचले, की त्या कलेला तपश्चर्येचा मानही देऊन टाकतो. परंतु त्याच तीन दिवसांत त्याच डोंगररांगेवर आणखी दहाजण उभे असतील. त्यांच्या बुरुजावर तिरीप पडली नाही, म्हणून त्यांची चित्रे भिंतीपर्यंत पोहोचली नाहीत, आणि त्यांच्या धीराची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही. ज्याला फळ मिळाले त्याची प्रतीक्षा गुण ठरते आणि ज्याला मिळाले नाही त्याची प्रतीक्षा वाया गेलेला वेळ ठरते, तर मग गुण धीराचा की दैवाचा? माझे म्हणणे असे, की या व्यवहारात धीर हा दैवाला मागाहून चढवलेला पोशाख आहे.

छांदिष्ट : तुमच्या फिर्यादीचा निम्मा भाग मी बिनशर्त कबूल करतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी सात वर्षांत अकरा वेळा गेलो तो केवळ इंद्रवज्र, म्हणजे कड्याखालच्या धुक्यावर उमटणारे सप्तरंगी वर्तुळ, टिपण्यासाठी. ते मला दोनदा दिसले, आणि त्यांतील एकदा भिंगाच्या आतल्या बाजूस बाष्प धरल्यामुळे हाती काहीच लागले नाही. तेव्हा दैव म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. परंतु त्या नऊ रिकाम्या खेपांना तुम्ही वाया गेलेला वेळ म्हणता, तेथे मी अडखळतो. आषाढातील झड लागली, की सह्याद्रीचा माथा ढगाच्या खाली नसून ढगाच्या आत असतो, दहा हातांवरचा सोबती दिसत नाही, आणि पाऊस दोन दिवस थांबला तरी धुक्याचा पडदा हलत नाही, हे मी पहिल्या चार खेपांत शिकलो. मृगाच्या आधीचा वळीव, श्रावणातील ऊनपाऊस, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास परतीच्या पावसात मिळणारी उघडीप, हे तीन काळ प्रकाशाचे आहेत; मधला काळ शेताचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. हे कळल्यावर आषाढात त्या चित्रासाठी जाणे मी सोडले, आणि माझी प्रतीक्षा आपोआप आखूड झाली. म्हणजे धीराने मला नशीब आणून दिले नसेल. त्याने एवढेच केले, की नशीब कोणत्या वाटेने येते ती वाट हळूहळू दाखवली.

साशंक : मग तुमच्याच कुळातील मूळपुरुषाचा, एका अमेरिकन छायाचित्रकाराचा, दाखला देतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे सर्वांत विख्यात चित्र कोणते? न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या खेड्यावरचा चंद्रोदय. ते वादळाचे चित्र नव्हे, परंतु आपल्या प्रश्नाला ते नेमके लागू पडते. दिवसभर चामा नदीच्या खोऱ्यात त्याला मनासारखे काही मिळाले नव्हते. संध्याकाळी परतताना रस्त्याच्या कडेला खेडे, दफनभूमीतील पांढरे क्रूस, त्यांवर मावळतीचे शेवटचे ऊन आणि वर चंद्र, हे सारे एकदम दिसले. मोटार थांबवून त्याने मोठा कॅमेरा उभा केला, प्रकाशमापक सापडेना, एकच निगेटिव्ह घेतली, दुसरीची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. यात धीर कोठे आहे? मिनिटभर उशीर झाला असता तर ते चित्र जगात आलेच नसते. आणि ज्या क्षणाचे एवढे माहात्म्य, त्याचे सालही त्याच्या लक्षात राहिले नव्हते. पुढे खगोलशास्त्राच्या गणिताने चंद्राच्या स्थानावरून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख ठरवावी लागली.

छांदिष्ट : तारीख विसरला, हे खरे, पण त्या घाईत त्याला काय आठवले ते पाहा. प्रकाशमापक सापडत नव्हता, तेव्हा चंद्राची तेजस्विता चौरस फुटाला २५० कँडल असते हा आकडा त्याला मुखोद्गत होता, आणि त्या एका आकड्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने उघडझापेचा काळ ठरवला. तुम्ही म्हणता त्या एका मिनिटात धीर नव्हता. मी म्हणतो, त्या मिनिटापूर्वीच्या कित्येक वर्षांत तो खर्च होऊन गेला होता. शिवाय चित्र तेथे संपले नाही. निगेटिव्हचा खालचा भाग फिका पडला होता. १९४८ साली रसायनांनी त्याने तो गडद केला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच निगेटिव्हवरून नव्या प्रती काढताना आकाश अधिकाधिक काळे करीत गेला. तसेच कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीवर निवळत्या हिमवादळाचे त्याचे चित्र. त्या दरीत तो प्रथम गेला १९१६ साली, चौदा वर्षांचा असताना, आणि मग जन्मभर जात राहिला, तेथे राहिला. वादळ कोणत्या अंगाने फाटते हे त्याला घरच्या अंगणासारखे ठाऊक होते.

साशंक : तेथे राहिला, हे तुम्हीच बोललात, आणि तेथेच तुमच्या धीराचे तारण उघडे पडते. ज्याला दरीत राहता येते त्याला वादळ घरपोच मिळते. ज्याला शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कचेरीत हजर व्हायचे असते त्याला ते मिळत नाही. ज्याला तुम्ही धीर म्हणता तो पुष्कळदा फावला वेळ आणि पदरचा पैसा यांचाच पर्याय असतो. आणि गणितही ऐका. एखादा देखावा वीस दिवसांतून एकदा घडतो असे धरले, तर वीस दिवस उभे राहणाऱ्याला तो निदान एकदा दिसण्याचा संभव शंभरात सुमारे चौसष्ट येतो. छत्तीस भाग तरीही रिकामेच. म्हणजे धीर वाढवला तर सोडतीची तिकिटे वाढतात, एवढाच त्याचा अर्थ, आणि जास्त तिकिटे घेणाऱ्याला कोणी तपस्वी म्हणत नाही.

छांदिष्ट : फावल्या वेळाचा आक्षेप मला खोडता येत नाही, तो खरा आहे, आणि आमच्यापैकी बहुतेकजण तो बोलून दाखवीत नाहीत हेही खरे. परंतु सोडतीचा दृष्टांत मला मंजूर नाही. सोडतीचे दहावे तिकीट पहिल्याहून शहाणे नसते, आणि कड्यावरचा दहावा दिवस पहिल्यापेक्षा शहाणा असतो. इंद्रधनुष्याचेच घ्या. सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांच्या वर चढला, की सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही. श्रावणात पुण्याच्या आसपास सकाळी सव्वानऊपासून दुपारी चारपर्यंत कितीही सर कोसळो आणि कितीही ऊन पडो, त्याची आशा धरू नये. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या पावणेसात तासांत धीराने उभा राहील, आणि त्याच्या धीराचा मोबदला शून्य. याउलट १९८१ साली तिबेटमधील ल्हासामध्ये छायाचित्रकार गेलन रॉवेलला जे इंद्रधनुष्य दिसले ते पोताला प्रासादाच्या पुष्कळ बाजूला होते. त्याच्याबरोबरच्या मंडळींनी ते पाहिले आणि ती जेवायला गेली. रॉवेल धावला. इंद्रधनुष्य ही एका जागी रोवलेली कमान नाही, पाहणारा हलला की तीही हलते, हे त्याला माहीत होते. म्हणून तेथल्या विरळ हवेत, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, सुमारे मैलभर धावत जाऊन त्याने ते धनुष्य प्रासादाच्या सोनेरी छपरावर आणून उतरवले. हे दैव म्हणायचे की धीर? मला वाटते, आपल्या भाषेतला यथार्थ शब्द आहे अवधान. तो स्थिरही असू शकतो आणि धावूही शकतो. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ एका चित्रासाठी तीन तास उभा राहिला तेही अवधान, आणि रॉवेल धावला तेही तेच.

साशंक : शब्द चांगला आहे, मी तो घेतो. आता माझा खरा आक्षेप, ज्यासाठी मी हा विषय काढला. हे अवधान चित्रात दिसते का? चित्रापुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाला, खालचा मजकूर झाकून ठेवला तर, हा मेघ वाट पाहून मिळालेला आणि हा मेघ आणून बसवलेला, असा भेद करता येतो का? इतिहास सांगतो, येत नाही. गुस्ताव ल ग्रे याने १८५७ साली फ्रान्समधील सेत येथील समुद्राचे छायाचित्र केले. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या काचेवर निळा प्रकाश फार लवकर उमटे, त्यामुळे समुद्र नीट यावा तर आकाश कोरे पडे. म्हणून त्याने समुद्र एका निगेटिव्हवरून आणि मेघ दुसऱ्या निगेटिव्हवरून घेऊन क्षितिजावर दोहोंचा सांधा जुळवला, आणि तेच मेघ निरनिराळ्या समुद्रांवर पुन्हा पुन्हा वापरले. लोकांनी ती चित्रे डोक्यावर घेतली. आणखी जवळचे उदाहरण देतो. न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकने १९६० साली भारतातील पावसाळ्यावर जी चित्रमालिका केली, तिच्यातील सर्वांत गाजलेले चित्र आहे पहिल्या सरीचे थेंब झेलणाऱ्या तरुण मुलीच्या चेहऱ्याचे. ती मुलगी म्हणजे चौदा वर्षांची अपर्णा सेन, आणि तो पाऊस म्हणजे कलकत्त्याच्या एका गच्चीवर झारीने ओतलेले पाणी. जगाने त्या चेहऱ्यात मोसमी पावसाचा साक्षात्कार पाहिला, आणि त्या दिवशी आकाशातून टिपूसही पडण्याची गरज नव्हती. आज तर २०२० पासून फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची स्वतंत्र सोय आहे; घरी बसून कळ दाबली, की बुरुजामागे वादळ उभे राहते. मग तुमच्या अकरा खेपा चित्राच्या आहेत की तुमच्या चरित्राच्या? चित्राच्या असतील तर मला त्या चित्रात दाखवा. चरित्राच्या असतील तर मी तुमचा आदर करतो, पण तो आदर भिंतीवरच्या चौकटीला देणार नाही.

छांदिष्ट : या प्रश्नाने मला अनेक रात्री जागवले आहे, म्हणून उत्तर सावकाश देतो. परक्या माणसाला एका चित्रावरून भेद करता येत नाही, हे मला मान्य करावे लागते. परंतु भेद दिसत नाही म्हणून भेद नाही, असे होत नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्जची गोष्ट घ्या. त्याच्या काळापर्यंत चित्रकार वीज काढीत ती करवतीच्या दात्यांसारखी, काटकोनी वळणांची. ती तशीच असते असे सर्वांनी गृहीत धरले होते. जेनिंग्ज वादळी रात्री कॅमेऱ्यात काच लावून बसू लागला. आधी काही साधले नाही. अखेर २ सप्टेंबर १८८२ रोजी वीज काचेवर उमटली, आणि ती नदीसारखी, मुळांसारखी, फाटे फुटत गेलेली निघाली. आता कल्पना करा, की त्याच्याजवळ तुमची ती आकाश बदलण्याची सोय असती. त्याने कोणती वीज निवडली असती? चित्रकारांचीच, कारण त्याच्या मनात तीच होती. आणून बसवलेले आकाश कितीही भव्य असो, ते आपल्या मनात आधीच असलेले आकाश असते. वाट पाहिल्याने जे मिळते ते आपल्या मनात नसलेले असू शकते. कोकणकड्यावर मी दर खेपेस मनात एक चित्र घेऊन गेलो आणि बहुतेक खेपांस आभाळाने ते नामंजूर केले. दुसऱ्या इंद्रवज्राच्या वेळी मी सप्तरंगी पूर्ण वर्तुळ धरून बसलो होतो, आणि आले ते फिकट, जवळजवळ पांढरे, अर्धवट कडे. आधी मी खट्टू झालो. आज माझ्या सर्व चित्रांत मला तेच सर्वांत खरे वाटते. धीराचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे, की माझ्या कल्पनेला खोटे पाडण्याची मुभा मी आभाळाला देतो, आणि ती मुदतीशिवाय देतो.

साशंक : हे उत्तर मला अपेक्षेपेक्षा जड वाटले, हे सांगितले पाहिजे. तरी त्याच्या आड तुमचाच अ‍ॅडम्स येतो. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोमच्या कड्याचे चित्र घेताना त्याच्याजवळ काचा उरल्या होत्या दोन. एक पिवळ्या फिल्टरने घेतली, आणि मग लक्षात आले, की तो कडा मनाला जसा भासतो तसा तीत येणार नाही; म्हणून शेवटची काच गडद लाल फिल्टरने घेतली, आणि दिवसाचे आकाश जवळजवळ काळे झाले. त्याने स्वतः जन्मभर हीच शिकवण दिली, की चित्र आधी मनात पुरते उभे करावे आणि मग घ्यावे. म्हणजे थोरातला थोर छायाचित्रकार आभाळाला मुभा देत नव्हता. तो आभाळाकडून आपले मनातले वसूल करीत होता. आणि दुसरी गोष्ट, जी मला याहून अधिक बोचते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिने द्राक्षे, गहू, हरभरा, कांदा सारे झोडपून काढले. त्या दिवसांतील मेघ देखणे होते. ज्याला तुम्ही दैवयोग म्हणता तो बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा दुर्योग होता. वाट तोही पाहतो, तुमच्यापेक्षा अधिक काळ पाहतो, आणि त्याच्या धीराला प्रदर्शन नसते.

छांदिष्ट : पहिल्या आक्षेपाला मजजवळ पुरे उत्तर नाही. अ‍ॅडम्सने मनातले वसूल केले. पण आधी त्या कड्यापुढे तो वर्षानुवर्षे नमून उभा राहिला, एवढेच म्हणता येईल, आणि तुम्ही म्हणाल की ते पुन्हा चरित्रच झाले. दुसऱ्या आक्षेपासंबंधी मात्र एक अनुभव सांगतो. एका फाल्गुनात निफाडकडे द्राक्षबागांच्या कडेला मी तिपाईवर कॅमेरा लावून उभा होतो. समोर निळा-काळा ढग, त्याच्या पोटाखाली पांढुरका पट्टा. बागेचे मालक येऊन शेजारी उभे राहिले. मला वाटले, मला हटकतील. त्यांनी विचारले, "भाऊ, हा ढग कुठं निघाला?" दोन तास मी त्या ढगाकडे पाहत होतो, आणि तो कोठे निघाला आहे हे मला सांगता आले नाही. ते त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहून म्हणाले, "त्यात गारा आहेत." मला तो पट्टा केवळ प्रकाशाचा एक सुंदर भाग वाटला होता. ढग त्यांच्या बागेवर आला नाही, पलीकडच्या शिवारावर गेला. ते चित्र माझ्याजवळ आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही उणे नाही. ते मी आजवर भिंतीवर लावलेले नाही, आणि लावू नये असे माझे मत आहे असेही नाही. मला ठरवता येत नाही. कदाचित ते लावावे, आणि खाली त्या पांढऱ्या पट्ट्याचे खरे नाव लिहावे.

साशंक : खाली लिहावे, या शब्दांवर आपण पुन्हा आलो. मी मघापासून तो मजकूर झाकत होतो, आणि आता मला वाटू लागले आहे की वादाचे मूळ तेथेच आहे. चित्र एकटे साक्ष देऊ शकत नाही. मग साक्ष देतो तो माणसाचा शब्द. आणि शब्द खोटाही असू शकतो. तीन दिवस भिजलो असे लिहायला भिजावे लागत नाही.

छांदिष्ट : म्हणून शब्द कसा लिहिला आहे हे पाहावे. तीन दिवस भिजलो, या वाक्याची शहानिशा कोणालाच करता येत नाही, तेव्हा ते खरे असले तरी निरुपयोगी आहे. कोठे उभा होतो, तोंड कोणत्या दिशेला होते, तारीख कोणती, वेळ कोणती, अंधाऱ्या खोलीत किंवा संगणकावर काय केले, हे लिहिले तर दुसऱ्याला तेथे जाऊन उभे राहता येते. आमच्या मंडळींना माझी हीच विनंती आहे, आणि नियतकालिकांच्या संपादकांनाही, की चित्राखाली कौतुकाऐवजी ठिकाण, दिशा आणि वेळ छापावी; आणि आकाश बदलले असेल तर तेही निःसंकोच छापावे, कारण ल ग्रेचा समुद्र सांधा माहीत झाल्याने लहान होत नाही. त्याबरोबर आणखी एक ओळ नवशिक्यांसाठी छापावी : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, तिपाई तेथेच टाकून कड्यावरून निघावे. ज्या धीराने माणूस कड्यावर मरतो त्याची मला भीती वाटते.

साशंक : ही ओळ सर्वांत आधी छापा. आणि त्या इंद्रवज्राविषयी एक विचारतो. मी तुमच्याबरोबर कड्यावर आलो, आणि दैव अनुकूल झाले, तर आपण दोघे एकच वर्तुळ पाहू का?

छांदिष्ट : नाही. सूर्य पाठीशी असतो, समोर कड्याखाली धुके असते, आणि प्रत्येकाला वर्तुळ दिसते ते त्याच्या स्वतःच्या मस्तकाच्या छायेभोवती. खांद्याला खांदा लावून उभे राहिलो तरी तुमचे तुम्हाला आणि माझे मला. कॅमेऱ्यात येते तेही कॅमेऱ्याच्याच छायेभोवतीचे.

साशंक : मग माझी शंका आहे तेथेच राहिली. तुमच्या चित्रात मला तुमचेच वर्तुळ दिसणार.

छांदिष्ट : तुमचे पाहायचे असेल तर यावे लागेल. ब्रिटिश अधिकारी कर्नल सायक्सने याच हरिश्चंद्रगडावर ते पाहिले आणि कोठे उभा होतो, धुके कोठपर्यंत चढले होते, सूर्य किती खाली होता, हे लिहून ठेवले. ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात १८३५ साली छापले गेले. त्याच्या त्या नोंदीवरून माणसे अजून कड्याकडे येतात, आणि बहुतेकजण न पाहता परत जातात. त्याने चित्र काढून आणले नाही. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता; छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली.